खजिना शोधायला शहरभर

आज घरच्यांसाठी आणि मैत्रिणींसाठी शहरात खजिनाशोधाचा खेळ ठेवला होता. कोडी लिहिण्याआधी मी सगळा रस्ता पायी फिरून आले. दुकानांच्या पाट्या, पोस्टर कधीही बदलतात, म्हणून उत्तरं दगडातच शोधली: पुतळ्याखालचं साल, जुन्या इमारतीची कोनशिला, मनोऱ्यावरचं घड्याळ. पुष्कळ जुन्या घड्याळांवर रोमन चारचा आकडा चार उभ्या रेघांनी काढलेला असतो, हे किती जणांनी पाहिलंय? सगळ्यात आवडतं कोडं तेच!

प्रत्येक गटात एक तरी लहान मूल हवंच, त्यांची नजर भन्नाट असते. पुरावा म्हणून फोटो काढायचा, पण वेळेची शर्यत अजिबात नाही. रस्ते ओलांडायचे असतात. पुढची कोडी मुलं लिहिणार आहेत, तसं त्यांनी जाहीरच केलंय.