सारंगखेड्याच्या बाजारात पहिली घोडी घेताना

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीच्या निमित्ताने नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, तापीच्या काठावरील सारंगखेडा येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि त्या यात्रेतच घोड्यांचा मोठा बाजार असतो. २०२४ साली दत्तजयंती १४ डिसेंबरला होती. मी आणि माझे मामा १२ तारखेच्या सायंकाळीच तेथे पोहोचलो, कारण ऐन यात्रेच्या दिवशी गर्दीत जनावर नीट चालवून पाहता येत नाही. सिन्नरहून नाशिक, धुळे, दोंडाईचा असे टप्पे आम्ही एसटीने केले. रेल्वेने येणाऱ्यांना भुसावळ–सुरत मार्गावरील दोंडाईचा स्थानक सोयीचे असून तेथून शहाद्याकडे जाणारी गाडी पकडावी. रात्री नदीकाठी थंडी बोचते. गरम कपडे न्यावेत. जेवणाची चिंता नको, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी तेथे मिळते.

आता पैशांविषयी, कारण माझी पहिली चूक तेथेच झाली होती. कारखान्यातील पगारातून दरमहा ४,००० रुपये बाजूला टाकत तीन वर्षांत १,४४,००० आणि दिवाळीच्या बोनसचे ३६,००० असे एकूण १,८०,००० रुपये मी साठवले होते आणि ते सगळे घोड्याच्या किमतीसाठीच आहेत, असे धरून चालले होते. नाशकात अनेक वर्षे टांगा चालवलेल्या मामांनी वही मागून घेतली आणि हिशेब शेवटाकडून मांडला: चंदी (घोड्याचा दाणा) व वैरणीचे महिन्याला ८,००० धरून सहा महिन्यांचे ४८,०००, टेम्पोचे १२,०००, निवारा, डॉक्टर आणि नाल यांसाठी २०,०००, उरले एक लाख. “पोरी, घोडं एकदाच विकत घ्यायचं असतं, पण खायला ते रोज मागतं,” एवढेच ते म्हणाले. माझ्यासारख्या नोकरदाराने बाजारात जाण्यापूर्वी हा हिशेब उलट्या बाजूने करावा आणि घोड्याची रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवावी, कारण तेथे गेल्यावर हात आवरत नाही.

माझा तर पहिल्याच सायंकाळी सुटला होता. रांगेत एक नुकरा उभा होता, पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा, मान अशी उचललेली की मी दुसरीकडे पाहीनासे झाले. (वयानुसार पांढऱ्या होत गेलेल्या घोड्याची कातडी खाली काळी असते, नाकपुडीजवळ पाहिले की फरक कळतो.) त्याला नुकतेच फिरवून आणले होते आणि तो पायांखाली जमीन नसल्यासारखा नाचत होता. मामांनी त्या वेळी काहीही मत दिले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, मोतद्दारांनी (घोड्यांची निगा राखणाऱ्यांनी) जनावरे खुंट्यावरून सोडण्यापूर्वी, ते मला तेथे घेऊन गेले. घोडा डावा पुढचा पाय किंचित पुढे टाकून त्यावरचा भार चुकवत उभा होता. मामांनी आधी उजव्या आणि मग डाव्या खुरावर तळहात ठेवला, नंतर माझा हात तेथे नेला. डावा खूर स्पष्टपणे कोमट लागत होता. चालवल्यावर पहिली वीसेक पावले तो तोकडी टाकत होता आणि पुढे चाल मोकळी झाली. थंडीने आखडला आहे, असे विक्रेत्याचे म्हणणे पडले. तसे असेलही, परंतु पहिला घोडा घेणाऱ्याने अशी पैज लावू नये. घोडा पहाटे, खुंट्यावर थंड उभा असताना पाहावा, कठीण जमिनीवर सरळ दुडक्या चालीने पळवून घ्यावा, आणि चारही खूर उचलू देतो का ते स्वतः तपासावे.

दुपारी आम्ही एका कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी अंगाच्या आणि काळ्या आयाळीच्या, घोडीपाशी थांबलो. मालक तिचे वय सात सांगत होता. घोड्याचे पुढचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने बदलतात आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते. त्यानंतर अंदाज झिजेवरून करावा लागतो. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीलगत उभी खाच दिसू लागते. या घोडीच्या दातावर ती जेमतेम डोकावत होती, म्हणजे नऊ ते दहा. मला तरुण घोडी हवी होती, पण शिकाऊ स्वार आणि शिकाऊ घोडा ही जोडी एकमेकांना पाडते, हे मामांचे म्हणणे मी आता मनापासून मान्य करते. लगाम चढवताना तिने तोंड खाली दिले, मी पाठीवर बसताना ती जागची हलली नाही, आणि मागून ढोल वाजत गेला तेव्हा फक्त कान फिरवले.

तिच्या पायावर खुंटाउपाड, म्हणजे अशुभ, मानला जाणारा केसांचा भोवरा होता. देवमण हा शुभ मानला जाणारा भोवरा असलेल्या घोड्याची किंमत जशी चढते तशी अशा भोवऱ्याने उतरते, आणि या समजुतीचा फायदा मला झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मामांनी रुमालाखाली बोटे धरून सौदा केला. १,३०,००० पासून सुरू झालेली बोली ९२,००० वर थांबली. मात्र आम्ही त्या वेळी फक्त विसार दिला. उरलेली रक्कम पशुवैद्यकाने तपासल्यानंतर आणि ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल हाती आल्यानंतर द्यायची, असे ठरवून घेतले. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावर नष्ट करावे लागते, म्हणून अहवालावरील रंग, खुणा आणि तारीख समोरच्या घोडीशी जुळवून पाहावी. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नये. प्रवासासाठी जनावर योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखलाही सोबत असावा लागतो.

परतीचे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास होते. टेम्पोच्या तळाला वाळू व त्यावर पेंढा पसरला, तीन तासांनी थांबून पाणी पाजले. निघताना मालकाकडून तिच्या नेहमीच्या चंदीचे एक पोते विकत घेतले, ही सूचना मामांची आणि फार मोलाची. खाणे एकाएकी बदलल्यास पोटशूळ उठतो, म्हणून आमचा दाणा त्यात दहा दिवस थोडाथोडा मिसळत गेलो. शेजारच्या गोठ्यातील जनावरांपासून तिला पहिले तीन आठवडे वेगळे बांधले आणि धनुर्वाताची लस टोचून घेतली.

किमतीच्या पाकिटात राहिलेले ८,००० रुपये मी खोगिरासाठी ठेवले आहेत, पण ते अजून घेतलेले नाही. प्रवासात ती थोडी उतरली आहे. पाठ भरल्यावर तिच्याच मापाने घ्यायचे, असे ठरले आहे. तोवर घोंगडी टाकून बसते.