रणातलं मीठ, डोंबिवलीतला गंज: खावडा-धोलावीरा बाइकने करणाऱ्यांसाठी

कच्छच्या रणातून जाणाऱ्या खावडा ते धोलावीरा या रस्त्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. दोन्हीकडे पांढरं रण आणि मधून सरळ डांबरी पट्टा. रस्ता खरंच तसाच आहे आणि चांगला आहे, त्यामुळे त्याचं वर्णन करत नाही. लिहायचंय ते तिथून घरी आलेल्या बाइकबद्दल. निघण्यापूर्वी जे काही वाचलं त्यात परमिट, पेट्रोल, मुक्काम, जेवण सगळं सापडलं. मिठाबद्दल कोणी एक ओळ लिहिली नव्हती.

आम्ही चौघे डिसेंबरअखेर डोंबिवलीहून निघालो. तेव्हा रण पुरतं वाळलेलं नसतं. पावसाळ्यात आत शिरलेलं पाणी हिवाळाभर हळूहळू आटत जातं. वरचा पापुद्रा पांढरा, टणक दिसतो आणि खाली काळा चिखल असतो. रस्त्याकडेच्या एका टपरीवाल्याने "उतरवा गाडी, सगळे उतरवतात, पक्कं आहे" असं सांगून आमच्यातल्या एकाला भरीस घातलं. जड गाडी, जरा आत गेली आणि मागचं चाक एक्सलपर्यंत रुतलं. ओढायला माणसं आणि दोर त्याच टपरीच्या मागून आले. पंधराशे रुपये! याला योगायोग म्हणायची माझी तयारी नाही. शिवाय हा सगळा पट्टा अभयारण्यात मोडतो. फोटो डांबरावर उभं राहूनही तेवढाच चांगला येतो.

पण पंधराशेचं दुःख एकवेळ गिळता येतं, वॉशिंगचं नाही. बाकी तिघांच्या गाड्या रस्ता सोडून कुठे गेल्या नव्हत्या, तरी संध्याकाळी स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), इंजिनाची खालची बाजू, साइड स्टँडची स्प्रिंग सगळीकडे पांढरा थर होता. परतीच्या वाटेवर वॉशिंगची पाटी दिसली. एका बाइकचे साडेतीनशे. आमच्याकडे शंभर-सव्वाशेत होतं. "मीठ काढायचं म्हणजे मेहनत आहे, पाणी टँकरचं, गोडं आहे," वॉशिंगवाला म्हणाला. दिले. गाडी वाळली तर टाकीवर पांढरे ओघळ. बोट लावून चाखलं, चक्क खारट! बोअरचं पाणी. म्हणजे साडेतीनशे रुपये मोजून आम्ही प्रेशरने खारं पाणी चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि कोनसेटमध्ये (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये) मारून घेतलं. भांडलो, शंभर परत मिळाले.

यातली खरी मेख अशी की कच्छमध्ये असेपर्यंत काहीच दिसत नाही. हवा कोरडी, मीठ भुकटीसारखं बसून राहतं आणि गाडी फक्त धुळकट वाटते. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ओलावा ओढून विरघळायला लागतं. रणाच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला ३३ टक्के पुरतात. तुम्ही दक्षिणेला यायला लागता, सुरतेच्या पुढे पहाटे सीटवर दव दिसतं आणि तिथून मीठ कामाला लागतं. घरी येऊन आठवडा व्हायच्या आत चेनच्या बाहेरच्या पट्ट्या तांबड्या झाल्या, स्पोकच्या निपलांवर गंज चढला, इंजिनाच्या ॲल्युमिनियमवर रंगाखालून पांढरी भुकटी फुटली. डिस्कवरचा गंज दिसला तर घाबरू नका, चार वेळा ब्रेक मारला की जातो. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले लोखंडी बोल्ट मात्र वाईट. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारा ओलावा, की आधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि बोल्ट जाम बसतो. माझ्या क्लच कव्हरचा एक बोल्ट मेकॅनिकच्या हातात तुटला. ड्रिल मारून काढायला लागलेले पैसे मी त्या वॉशिंगवाल्याच्या खात्यात मांडतोय.

तेव्हा जाणाऱ्यांनी रणाच्या आसपास गाडी धुवायच्या भानगडीत पडूच नये. भुजला या, धुण्याआधी "पाणी नर्मदेचं की बोअरचं?" विचारा आणि उत्तरावर विश्वास न ठेवता चाखा. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ऑनलाइन दोन-अडीचशेत मिळतो, पण जीभ फुकट आहे. प्रेशर कमी ठेवायला सांगा. जोर नको, पाणी भरपूर हवं, आणि खालून वर: इंजिनाची खालची बाजू, मडगार्डच्या आतून, रेडिएटर, स्टँडचे सांधे. वाळलेला चिखल खरवडू नका, भिजू द्या. डिझेल मारू का विचारतील, नाही म्हणा. चमक येते, पण रबर खराब होतं आणि ब्रेक पॅडवर उडालं तर पुढच्या सिग्नलला कळेल. धुतल्यावर दहा किलोमीटर चालवून ब्रेक सुकवा, मग गरम चेनला लूब. फोर्कच्या (पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) नळ्या ओल्या फडक्याने रोज पुसा. त्यांच्यावर गंजाचे खड्डे पडले की ऑइल सील फाटलंच समजा.

निघण्याआधी बोल्टांवर आणि फ्रेमच्या सांध्यांवर गंजरोधक स्प्रे मारा, डिस्क आणि पॅड झाकून. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओलावा आत जाऊ न देणारं) भरा. आमच्यापैकी एकाने एवढंच करून ठेवलं होतं आणि आता त्याच्याच गाडीचे इंडिकेटर कुरकुर न करता लागतात.

मांडवी, भुज, काळा डुंगर छान होतं, सांगण्यासारखं काही घडलं नाही. धोलावीराचं प्राचीन शहर मात्र घाईत उरकू नका, पाण्याचे दगडी हौद बघायला अर्धा दिवस हवाच.

घरी पोचलात की पुन्हा एकदा गोड्या पाण्याने धुवा आणि मेकॅनिककडून कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या पिना, काढून घ्या. "कशाला, ब्रेक तर लागतोय," असं तो म्हणेल. काढायलाच लावा. माझ्या मागच्या कॅलिपरची एक पिन पक्कडने पिळून काढावी लागली आणि पॅड एका बाजूने पार झिजलेलं होतं.