तलंगेचं पहिलं अंडं

रविवार, रात्र

आज पांढऱ्या तलंगेनं पहिलं अंडं घातलं. आई आठवडाभर म्हणत होती, "तुरा बघ कसा लालभडक झालाय, आज-उद्यात बसतीय ती." बसलीच. अंडं लहानसं, कवचावर रक्ताची बारीक रेघ. "पहिलटकरणीचं असंच असतं," आई म्हणाली.

ते ऊबदार अंडं हातात घेऊन मी बराच वेळ खुराड्यापाशी उभी होते. वर्गात मी हे सगळं फळ्यावर चार बाणांत संपवते: संप्रेरक, ग्राही, आरएनए, प्रथिन. आज ते चार बाण फार तोकडे वाटले.

पिलाच्या पोटात अंडनलिका असतेच, पण दोऱ्याएवढी. अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाहू लागलं की ती फुगत, लांबत जाते. अंडी घालणाऱ्या कोंबडीत ती दोन फुटांच्या आसपास भरते. तिच्या ग्रंथींमधल्या पेशींत इस्ट्रोजेन शिरतं, ग्राहीला, म्हणजे संप्रेरक ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, आणि ती जोडी थेट डीएनएवर जाऊन बसते. ओव्हाल्ब्युमिनचा जनुक वाचला जाऊ लागतो. तो जनुक पेशीत आधीपासून होताच, नुसता गप्प होता. अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त हे एकच प्रथिन. म्हणजे एका अंड्यामागे जवळजवळ दोन ग्रॅम, तेही अंडं घालायच्या जवळपास प्रत्येक दिवशी! एवढ्याशा जिवानं!

बर्ट ओ'मॅली या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६०-७०च्या दशकांत हीच अंडनलिका अभ्यासाला घेतली. प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्टेरॉइड संप्रेरक दिलं की अ‍ॅव्हिडिन हे पांढऱ्यातलं आणखी एक प्रथिन तयार होतं, आणि त्याआधी त्याचा संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, वाढतो, हे त्यांच्या गटानं दाखवलं. इस्ट्रोजेनसारखी स्टेरॉइड संप्रेरकं जनुकांच्या पातळीवर काम करतात हे त्यातून स्पष्ट होत गेलं.

मला मात्र सगळ्यात जास्त भिडतो तो दुसरा प्रयोग. पिलांना काही दिवस इस्ट्रोजेन द्यायचं, मग बंद करायचं. ओव्हाल्ब्युमिन थांबतं, नलिका आक्रसते. काही आठवड्यांनी पुन्हा दिलं, की पहिल्या वेळी ज्याला दिवस लागले ते आता काही तासांत सुरू होतं. त्या ऊतीला आठवण राहिलेली असते. हे शिकवताना माझा आवाज दरवेळी थोडा बदलतो.

रात्री जेवताना आईला सांगितलं, की नळीतून अंडं पुढं सरकताना पांढरं चढायला तीनेक तास लागतात आणि कवचाला वीसेक. तिनं घास हातात धरून ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे आत्ता, आपण जेवतोय तेव्हा, तिच्या पोटात दुसऱ्याचं काम चालू असंल?"

असू शकतं, म्हटलं.

ती उठली आणि खुराड्यात वाटीभर जास्तीचे दाणे टाकून आली.