आश्रमशाळांवर पीएचडी करताना: माझा अनुभव

मी पावरा समाजातली, गाव धडगाव तालुक्यात. नंदुरबार जिल्ह्यात जवळजवळ ७० टक्के लोक आदिवासी, आणि माझा विषय होता इथल्या आश्रमशाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना वर्गात कसं वागवलं जातं, म्हणजे प्रश्न कोणाला विचारतात, मागे कोणाला बसवतात. पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, मग कोर्सवर्क, सगळं सुरळीत झालं. अडलं ते संशोधन सल्लागार समितीपुढे. एका सरांनी विचारलं, तुम्ही त्याच समाजातल्या, मग तटस्थ कशा राहणार? मला अजून राग येतो, कारण शहरातला माणूस आपल्याच भागातल्या शाळेवर काम करतो तेव्हा त्याला हे कोणी विचारत नाही.

गाईड मॅडमनी न्यूझीलंडच्या माओरी प्राध्यापिका लिंडा तुहिवाई स्मिथ यांचं लिखाण वाचायला दिलं. आमच्यासारख्या मूळ समाजांवरच्या संशोधनात प्रश्न कोण ठरवतं, फायदा कोणाला, हे त्यांनी १९९९ मध्येच मांडलंय. मग मी मेथडॉलॉजीचं, म्हणजे संशोधन पद्धतीचं, प्रकरण नव्याने लिहिलं, मी कोण, मुलांशी माझं नातं काय ते स्पष्ट मांडलं, आणि वर्गात दुसऱ्या निरीक्षकाच्या नोंदी वेगळ्या घेतल्या. समितीला ते पटलं.

फील्डवर्क करणाऱ्यांना सांगते, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं पत्र हातात आल्याशिवाय शाळेत जाऊ नका. दुसरं, पालकांची संमती. दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातला जातात, फॉर्म कोणाकडून भरून घेणार? पण सातपुड्यात होळीचा सण सगळ्यात मोठा, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून माणसं घरी यायला लागतात, म्हणून मी संमतीचं काम तेव्हाच ठेवलं आणि फॉर्म आमच्या पावरी बोलीत वाचून दाखवून मगच अंगठे घेतले.

मुलाखतींचं तर किती सांगू. दुसरीतला एक मुलगा, रजिस्टरला 'अप्रगत'. मराठीत विचारलं की मान खाली. तेच पावरीत विचारलं तर बाजारात कोंबडी कितीला गेली, मीठ-तेलाला किती लागले, उरले किती, सगळं तोंडी हिशोबासकट सांगत सुटला. असे बरेच निघाले. राज्यघटनेच्या कलम ३५०अ मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा असं लिहिलंय, आणि हा पोरगा अप्रगत?

मधे फेलोशिप महिनोन्महिने अडकायची, तेव्हा भावाने खर्च उचलला.

व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, सगळ्या शिफारशींतली एकच निवडायची तर कोणती? मी म्हटलं, पहिलीच्या वर्गावर पावरी किंवा भिली बोलणारा शिक्षक. त्यावर बराच वेळ चर्चा झाली, खर्च, भरती, बदल्या, सगळं निघालं. डिग्री मिळाली. सध्या तासिका तत्त्वावर शिकवते, आणि प्रबंधाचा सारांश पावरीत रेकॉर्ड करून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतेय, दोन भाग झालेत, तिसरा होळीच्या आधी टाकायचाय.