माझा अनुभव: दोन पानांचं मॅन पेज तपासायला तीन दिवस लागले

आमचं प्रॉडक्ट लिनक्सवर चालतं. ५.१० कर्नलवर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) गेल्यावर ठरलं की प्रोसेस सुरू करायच्या कोडमधला जुना लूप काढायचा आणि क्लोज रेंज हा नवा सिस्टिम कॉल (म्हणजे प्रोग्रामनं कर्नलकडे केलेली थेट मागणी) वापरायचा, जो २०२० साली ५.९ मध्ये आला. जुना लूप म्हणजे काय, तर फोर्क झाल्यावर (प्रोसेसची प्रत झाल्यावर) आणि एक्झेकच्या आधी (त्या प्रतीत नवा प्रोग्राम चढायच्या आधी) ३ पासून लिमिटपर्यंत एकेक फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलला मिळालेला नंबर, बंद करत जायचं. क्लोज रेंज अशी अख्खी रेंज एकाच कॉलमध्ये बंद करतो. लिमिट १०२४ असेल तर चालून जातं, पण कंटेनरमध्ये तेच १०४८५७६ निघालं की दहा लाखांच्या वर कॉल होतात आणि त्यातले बहुतेक नंबर तर उघडेच नसतात.

टीममधल्या एका मुलीनं आतल्या वापरासाठी याचं मॅन पेज (कॉल कसा वापरायचा ते सांगणारं पान) लिहिलं आणि रिव्ह्यू माझ्याकडे आला. म्हणाली, "ताई, दोनच पानं आहेत, बघून घेशील ना?" मी आधी नुसतं वाचलं. भाषा स्वच्छ होती, सगळं पटत होतं, अप्रूव्ह करायच्याच बेतात होते. पण एररच्या भागात एक ओळ होती, रेंजमधला एखादा डिस्क्रिप्टर उघडा नसेल तर ईबॅडएफ (चुकीच्या डिस्क्रिप्टरची एरर) येतो. तिथे अडले. असं असेल तर ३ पासून शेवटपर्यंत एका झटक्यात बंद करायची सोय चालणारच कशी?

मग ठरवलं की पानातलं एकेक वाक्य चालवूनच बघायचं. आमच्या जीलिबसीत (लिनक्सवरची सी लायब्ररी) याचा रॅपर, म्हणजे नावानं बोलवायचं तयार फंक्शन, नव्हता, तो २.३४ पासून आहे, म्हणून ४३६ नंबर देऊन थेट सिस्कॉल मारला. ३ ते १० उघडले, ३ ते ७ बंद करायला सांगितले आणि प्रॉकमध्ये (कर्नल जिथे प्रोसेसची माहिती दाखवतं तो फोल्डर) बघितलं तर ८, ९, १० शिल्लक. म्हणजे शेवटचा नंबरसुद्धा बंद होतो, आणि ड्राफ्टमध्ये नुसतं "७ पर्यंत" होतं, जे वाचणारा दोन्ही प्रकारे घेऊ शकतो. मधले ४ आणि ५ आधीच बंद करून परत चालवलं तरी उत्तर शून्यच, म्हणजे एरर नाही. ईबॅडएफची ओळ साध्या क्लोजच्या पानावरून आली होती. उलट इथे एकेका डिस्क्रिप्टरच्या क्लोजला आलेली एरर कर्नल सोडून देतं, आणि एनएफएसवर (नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमवर) लिहिलेला डेटा पोचला नाही हे कधीकधी क्लोज करतानाच कळतं, तेव्हा अशी फाइल आधी वेगळी बंद करा हे पानात यायलाच हवं होतं.

सगळ्यात जास्त वेळ अनशेअर फ्लॅगनं (फ्लॅग म्हणजे कॉलला द्यायचा पर्याय) खाल्ला. हा फ्लॅग दिला की कॉल करणाऱ्या थ्रेडला (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामांपैकी एक) डिस्क्रिप्टर टेबलची स्वतःची कॉपी मिळते आणि बंद होतं ते त्या कॉपीतलं, बाकी थ्रेडचं जसंच्या तसं राहतं. मी दुसऱ्या थ्रेडमधून कॉल केला, प्रॉकच्या सेल्फ फोल्डरमध्ये बघितलं तर सगळं उघडंच! अर्धा दिवस वाटत होतं कॉल लागूच होत नाहीये. शेवटी लक्षात आलं की तिथे मेन थ्रेडचं टेबल दिसतं, आपल्या थ्रेडचं बघायला थ्रेड-सेल्फमध्ये जावं लागतं. तिथे बरोबर रिकामं होतं. ही टीप पानात टाकच असं मी तिला आवर्जून सांगितलं, कारण टेस्ट लिहिणारा प्रत्येकजण तिथेच अडकणार.

आणि शेवटची गोष्ट आम्हाला खरोखर महागात पडली असती. ड्राफ्टमध्ये दोन्ही फ्लॅग ५.९ पासून असं लिहिलेलं. क्लोएक्झेकवाला फ्लॅग, जो लगेच बंद न करता एक्झेकच्या वेळी बंद करायची खूण लावतो, तो ५.११ मध्ये आलाय. आमच्या ५.१० वर चालवला तर सरळ ईइनव्हॅल (चुकीच्या आर्ग्युमेंटची एरर). आणि आमचा कोड तोच फ्लॅग वापरणार होता.

मी तिला मेलमध्ये प्रत्येक ओळीखाली छोटा प्रोग्राम आणि त्याचं आउटपुट जोडून पाठवलं, नुसतं "हे चूक आहे" असं कुठेच लिहिलं नाही. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये तिनं प्रत्येक फ्लॅगपुढे व्हर्जन घातलं, अनशेअरला दोन थ्रेडचं उदाहरण दिलं, आणि पाचपेक्षा मोठा पहिला नंबर देऊन शेवटचा पाच ठेवला तर काय होतं, तेही स्वतः चालवून बघून लिहिलं होतं. तिथेही ईइनव्हॅल येतो, आणि हे मी तपासायचं राहून गेलं होतं.