तुम्ही विचारलेत म्हणून: माझ्या शरीराने मूल परके मानले का?

कानबाईच्या रोटांच्या सणाला माहेरी अमळनेरला गेले, की कोणीतरी जवळ सरकून विचारतेच, "तुझ्या अंगाला जावयांचं रक्त चालत नाही म्हणे?" हे वाक्य मुळात माझेच आहे. तिसरा गर्भ गेल्यावर मीच ते घरोघरी सांगितले होते, म्हणून उत्तरही मीच दिले पाहिजे.

गर्भात अर्धा वाटा बापाचा असतो. दुसऱ्याचे मूत्रपिंड नाकारणारे शरीर तो नऊ महिने कसा सांभाळते, हा प्रश्न शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये मांडला. वारेच्या, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवाच्या, गर्भाशयात शिरणाऱ्या पेशी परकेपण ओळखवणाऱ्या बापाकडच्या बहुतेक ठळक खुणा अंगावर दाखवतच नाहीत, आणि गर्भाशयाच्या अस्तरातील प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशींना 'मारक' म्हणतात, त्या वारेला रक्त पुरवणाऱ्या धमन्या रुंद व्हायला मदत करतात. आईची प्रतिकारशक्ती तिथे झोपलेली नसते. ती राबत असते.

मला मात्र शहरातल्या एका डॉक्टरांनी सांगितले, की तुमचे शरीर नवऱ्याचा अंश ओळखत नाही, तो ओळखायला शिकवावा लागेल. ह्यांचे रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी माझ्या डाव्या हाताच्या कातडीत टोचल्या. त्या वर्षीच्या कापसाचे पैसे त्यात गेले. परतताना एसटीत हातावर लाल गांधी उठल्या, भयंकर खाजत होत्या, पण शरीर शिकते आहे ते पुसले जाईल या भीतीने मी चाळीसगावपर्यंत नख लावले नाही. पदराखाली हात धरून त्या पुन्हा पुन्हा मोजत राहिले. चौथ्या गर्भाचे ठोके दहाव्या आठवड्यात थांबले, तेव्हा त्यांचे डाग हातावर होते.

याच उपचाराची अमेरिका व कॅनडात झालेली चाचणी १९९९ मध्येच छापून आली होती आणि तो घेतलेल्या स्त्रियांचे गर्भ अधिक टिकले नव्हते, हे मी फार उशिरा वाचले. तरी मला भोळी म्हणू नका. मला कारण हवे होते, आणि 'परके रक्त' हे कारण दोघांत वाटून घेता येत होते. आता वाटते, ते वाटून घेतले नव्हते; सगळा दोष मी माझ्या अंगावर ओढला होता. मग पुन्हा वाटते, निदान काहीतरी केले.

सुरुवातीच्या महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो. माझ्या चारांपैकी एकाचीही ती तपासणी कोणी सुचवली नाही, आणि मीही मागितली नाही.