सहा एकर आणि २ हेक्टर ४० आर: गायरानात देशी झाडं लावताना आलेला अनुभव

परवानगीचं पत्र हातात पडलं तेव्हा पुष्य नक्षत्र लागलं होतं. मृग गेला, आर्द्रा गेल्या, पुनर्वसूही सरला. खड्डे एप्रिलमध्येच खणून उन्हात तापवून ठेवलेले, रोपं तयार, माणसं तयार आणि कागद मात्र एका टेबलावर. वर्ष होत आलं तरी माझा राग गेलेला नाही. गावच्या जागेवर झाडं लावायची इच्छा असलेल्या दुसऱ्या कुणाचा पावसाळा असा जाऊ नये, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव पुणे जिल्ह्यात, मावळातला पाऊस जिथे ओसरतो आणि कोरडं पठार सुरू होतं त्या पट्ट्यात. गायरानातून ओढा जातो. त्याचे काठ उघडे पडलेत, शेजारचा उतार मुरूम काढून काढून खरवडला गेलाय. तिथे झाडं लावायची आणि त्याचा खर्च रोपं विकून उभा करायचा, असं आमच्या बचत गटानं ठरवलं. आदल्या उन्हाळ्यात रानातून बिया गोळा करून आम्ही पिशव्या भरल्या होत्या: पळस, बहावा, आपटा, वावळ, मेडशिंगी, करंज, बेहडा, काटेसावर.

विक्रीला काही अडचण आली नाही. पुण्यातल्या एका सोसायटीनं पार्किंगची जागा दिली, लहान पिशवी चाळीस रुपयांना ठेवली आणि लोकांनी मनापासून घेतली. 'गुलमोहर नाही का?' हे बरेच जण विचारत. तो मादागास्करचा, आपल्याकडे फुलांसाठी बहावा आणि पळस आहेत, असं सांगितलं की ऐकत. एका आजींनी आपट्याचं रोप हातात घेतलं आणि म्हणाल्या, ''अगं, याची पानं इतकी लहान कशी?'' दसऱ्याच्या बाजारात सोनं म्हणून कांचनाची मोठाली पानं येतात, त्यामुळे खरा आपटा लोकांच्या डोळ्यांसमोरून गेला आहे. त्यांना पान हातात दिलं: जाडसर, लांबीपेक्षा रुंदी जास्त. त्यांनी आपट्याची दोन रोपं नेली.

आता परवानगीचं. गायरानाची जमीन सरकारी, देखभाल ग्रामपंचायतीकडे. आधी ग्रामसभेचा ठराव, मग तालुक्याच्या एका कार्यालयाची परवानगी, असं आम्हाला सांगण्यात आलं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव एकमतानं झाला. फेब्रुवारीत सातबारा, नकाशा आणि झाडांची यादी जोडून अर्ज दिला. खिडकीवर शिक्का मारून घेतला, कागद कुणी उलटूनसुद्धा पाहिले नाहीत. मार्चमध्ये विचारायला गेलो तर, ''मार्चअखेर आहे, नंतर या.'' एप्रिलमध्ये साहेब दौऱ्यावर. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदाची फाइल उघडली. समोरच्या लिपिकानं आमच्या ठरावातल्या 'सहा एकर' या शब्दांभोवती पेन्सिलनं गोल काढला.

''ताई, उताऱ्यावर २ हेक्टर ४० आर आहे. क्षेत्र जुळत नाही.''

मी म्हटलं, ''साहेब, एकराचे चाळीस गुंठे आणि गावात गुंठ्याला एक आरच धरतात. सहा चोक चोवीस, म्हणजे २४० आर, आणि शंभर आरांचा हेक्टर. तेच ते.''

''तेच नाही. सहा एकराचे २ हेक्टर ४३ आर होतात. वरचे तीन आर कुठून आणणार? नवीन ठराव लागेल.''

हिशोब त्यांचा बरोबर होता, ते मी नाकारत नाही. पण गट क्रमांक तोच होता, चतुःसीमा त्याच होत्या, नकाशा सोबत जोडलेला होता. आणि हीच गोष्ट फेब्रुवारीत खिडकीवर सांगितली असती तर १ मेच्या ग्रामसभेत दुरुस्ती होऊन गेली असती. ती ग्रामसभा नुकतीच होऊन गेली होती. पुढची १५ ऑगस्टला. पावसाळ्यात झाडं लावायची म्हणून अर्ज करायचा आणि दुरुस्तीचा ठराव निम्मा पावसाळा गेल्यावर करायचा, याला काय अर्थ आहे?

सरपंचांनी आणि भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, साथ दिली. नोटीस काढून विशेष ग्रामसभा बोलावली, दुरुस्त ठराव जूनमध्ये दिला. मग फाइल 'वरच्या सहीला' गेली आणि तिथेच बसली.

इकडे रोपं पिशवीत मावेनात. बेहड्याची पिशवी उचलायला गेलं की खाली मूळ जमिनीत उतरलेलं असे, उचलताना ते कट्कन तुटे आणि वरची पानं दुपारपर्यंत माना टाकत. गटातल्या बायका पिशव्यांची जागा सतत बदलत राहिल्या, मुळं आत गुंडाळत बसू नयेत म्हणून. बोअरचं पाणी कमी झालेलं, जून कोरडा असला की हंड्यानं पाणी. हे श्रम कुठल्याच फाइलवर लिहिलेले नसतात.

शेवटी उपयोगी पडला तो कायदा, ज्याला लोक दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध असं लांबलचक नाव असलेला महाराष्ट्राचा २००५ सालचा अधिनियम. त्याच्या कलम १० प्रमाणे एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. या कलमाचा उल्लेख करून मी साहेबांच्या नावानं पत्र दिलं आणि सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. प्रश्न एकच: माझा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाच्या टेबलावर होता? त्याचं उत्तर द्यायला त्यांना तीस दिवस होते. उत्तराच्या आधी परवानगी आली.

कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर बसून मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. गट क्रमांक बरोबर, क्षेत्र २ हेक्टर ४० आर. फार बरं वाटलं आणि तेवढाच संतापही आला.

म्हणून सांगते: ठराव लिहून घेताना क्षेत्र सातबाऱ्यावरून जसंच्या तसं उतरवा, हेक्टर-आरमध्येच. अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख मागून घ्या, नुसता शिक्का पुरत नाही. काही त्रुटी असल्यास लेखी कळवा, असं अर्जातच लिहा. आणि तोंडी 'होऊन जाईल' यावर विसंबून खड्ड्यांवर पैसे खर्च करू नका.

लावणी उरकली भराभर, सगळं गाव आलं. ओढ्याच्या काठाला करंज आणि बेहडा, मुरमाड उतारावर पळस, मेडशिंगी, आपटा. वरचा सपाट माळ मात्र आम्ही मुद्दाम तसाच ठेवला. तिथे गवत आहे, चंडोल घरटी करतात, धनगरांची मेंढरं चरतात. माळरान म्हणजे मोकळी पडलेली जागा, असं समजून तिथे खड्डे मारू नयेत, तेही निसर्गाचंच घर आहे. मेंढरं राखणारे आबा याच बोलीवर आमच्या बाजूनं उभे राहिले. खालच्या बाजूला कळप उतरू देणार नाही असा शब्द त्यांनी दिला आणि पाळला.

राहिलेल्या गोष्टी आठवतील तशा. पिशवी पूर्ण फाडून काढायची, तळाशी गोल फिरलेली मुळं कापायची. कडुनिंबाची बी दोन-तीन आठवड्यांत मरते, ती साठवू नका. बहाव्याचं बी कडक असतं, खरखरीत दगडावर घासून किंवा गरम पाणी ओतून रात्रभर भिजवूनच पेरा. उतारावर खड्ड्याच्या खालच्या अंगाला अर्धचंद्र बांध घाला, नाहीतर सगळं पाणी ओढ्यात जातं. दिवाळीनंतर गवत वाळलं की भोवतीनं जाळपट्टा, म्हणजे वणवा अडवणारा बिनगवताचा पट्टा, काढा. आमच्या शेजारच्या डोंगराला दरवर्षी वणवा लागतो, बकरीपेक्षा त्याची भीती जास्त. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं आणि त्याचे पैसे विक्रीतून आधीच बाजूला काढून ठेवा.

शेजारच्या बचत गटाचा ठराव यंदाच्या २६ जानेवारीला झाला. अर्ज फेब्रुवारीत दिला, या वेळी लिपिकासमोर उभं राहून उतारा आणि ठराव ओळीनं ताडून घेतला. आवक क्रमांक मिळाला आहे. ४५ दिवस भरले की पुढचं पत्र तयार आहे.